खांदेरीच्या अलीकडे, रात्री साडेनऊला

ऑक्टोबरअखेरचा शनिवार. गेटवेसमोरून निघायचं आणि थळसमोरच्या खांदेरी बेटाला वळसा घालून रातोरात परतायचं, अशी आमची शर्यत. बोट 8 मीटरची, माणसं पाच. सुकाणूवर वरळीचा नाखवा. वयाने माझ्या वडिलांएवढा, पण बोटीवर अरेतुरे चालतं.

कुलाब्याच्या टोकाचं प्रोंग्स दीपगृह मागे पडेपर्यंत 8 नॉट वारा होता. मग तो एकाएकी पडला, शिडं लोंबायला लागली. पूर्वेला अलिबागच्या अंगाला वीज नुसतीच लकाकत होती. परतीच्या पावसाचे ढग दुपारी सह्याद्रीवर चढतात आणि कधीकधी रात्री समुद्रावर उतरतात, हे मला पाठ आहे. तरी म्हणालो, "नाखवा, थांबूया जरा. पुढच्या दोन बोटींनी कुठे शीड कमी केलंय?"

मग वास आला. भर समुद्रात, ओल्या मातीचा. ढगाखाली पावसाने गार झालेली हवा जमिनीवर आपटून पुढे धावते, ती किनाऱ्याचा वास घेऊन आली होती. वीज चमकली की मी आकडे मोजत होतो. 15 सेकंदांनी गडगडाट, म्हणजे साधारण 5 किलोमीटर. पुढच्या खेपेला 9 सेकंद.

"रीफ घे!" नाखवा ओरडला.

मेनसेल, म्हणजे मोठं शीड, थोडं उतरवून खालची घडी बूमला, शिडाखालच्या आडव्या काठीला, आवळायची, एरवी दोन मिनिटांचं काम. मागची दोरी अर्ध्यात अडकली. हेडलॅम्पच्या उजेडात पाहिलं, तर कप्पीच्या तोंडाशी पीळ पडून सुपारीएवढी गाठ. नखाने उकलायला जातोय तोच वारा आला.

40 नॉट. ताशी 74 किलोमीटर. वारा पाचपट झाला की शिडावरचा जोर पंचवीसपट होतो, हे वहीत वाचायला ठीक असतं. बोट उजवीकडे आडवी, कठडा पाण्यात आणि मी हार्नेसच्या पट्ट्याला लोंबकळतोय. नाखव्याने मेनशीट, म्हणजे मोठ्या शिडाची दोरी, सोडली, बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्यात घातली. "रीफ राहू दे, सगळं उतरव!" पत्र्याचं छप्पर उडावं तसं शीड वाजत होतं. तिघं त्याच्यावर अक्षरशः पडलो, तेव्हा ते खाली आलं.

मग वारा पाठीवर घेऊन नुसत्या डोलकाठीवर पश्चिमेला. तरी बोट 5 नॉट पळत होती. समोर मोकळा समुद्र, हे नशीब. हाच वारा पश्चिमेचा असता तर थळचे खडक होते. धास्ती होती ती समुद्रात रोवलेल्या डोलीच्या मासेमारी जाळ्यांची आणि नांगरलेल्या जहाजांची. खांदेरीचा दिवा पावसात गडप. आमचा कॉलेजातला पोरगा होकायंत्राला चिकटून ओरडत राहिला, "270... 280... नाखवा, 280!"

वीस मिनिटांत सगळं शांत. जिब, म्हणजे पुढचं छोटं शीड, फाटलं होतं. रेडिओवर माघार कळवली.

पहाटे कुलाब्यात सायकलवाल्याकडे चहा घेताना नाखव्याने विचारलं, "ती दोरी कोणी गुंडाळली होती?"

"मीच. गेल्या रविवारी. ओलीच कोंबली."

तो चहा फुंकत राहिला. मग म्हणाला, "सुट्टे आहेत का?"