फोन म्हणतो साठ टक्के

मंगळवारी संध्याकाळी सातला माझा दहावीचा ऑनलाइन वर्ग असतो. त्या दिवशी वर्गसमीकरणं चालली होती. वर्ग सुरू करायच्या आधी सवयीप्रमाणे फोनवर पाहिलं, हेडसेटच्या नावाखाली साठ टक्के लिहिलेलं होतं. तासभराच्या वर्गाला साठ टक्के म्हणजे रग्गड, असं मनाशी म्हटलं आणि सुरुवात केली.

अर्ध्या तासानं कानात बाई इंग्रजीतून काहीतरी पुटपुटल्या आणि हेडसेट गप्प. माझ्या लक्षात येईपर्यंत फोननं आपला स्वतःचा माईक चालू करून टाकला होता. मी विचारलं होतं, "विवेचकाची किंमत ऋण आली तर मुळांबद्दल काय सांगता येईल?" यावर एकाचा मेसेज आला, "मॅडम, मेथीची जुडी दहाला मिळाली का?"

झालं असं की सासूबाई दारात भाजीवाल्याशी घासाघीस करत होत्या आणि ती अख्खीच्या अख्खी आठ घरांत ऐकू गेली. मधे कुकरच्या तीन शिट्ट्याही. सासूबाईंचा आवाज एवढा का चढला होता, ते पुढे येईलच.

साठ टक्के असताना हेडसेट बंद पडतोच कसा, या प्रश्नानं मला दोन आठवडे पछाडलं. आधी फोनवरच संशय घेतला. कपाटातला जुना फोन काढून त्याला हेडसेट जोडून पाहिला, तर त्यात टक्केवारी दिसेच ना. तो फोन अँड्रॉइड ७ वर अडकलेला. जोडलेल्या ब्लूटूथ वस्तूची बॅटरी दाखवायची सोय अँड्रॉइडमध्ये ८.१ पासून, म्हणजे २०१७ च्या डिसेंबरपासून आली. आताच्या फोनमध्ये सेटिंग्ज उघडून 'कनेक्ट केलेली डिव्हाइस' मध्ये गेलं की नावाखालीच आकडा असतो. वरची पट्टी खाली ओढून ब्लूटूथच्या खुणेवर बोट दाबून धरलं तरी तिथंच पोचतो.

पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला फोन केला. तो हसलाच. "मावशी, फोन काही मोजत नाही गं. हेडसेट जे सांगेल ते तो छापतो."

आणि हेडसेट सांगतो ते किती? तर एक अंक. कॉलसाठी जी हँड्सफ्रीची जोडणी असते, तिच्यातून माझ्या हेडसेटसारखे बरेच हेडसेट फोनला शून्य ते नऊ यांतला एकच अंक पाठवतात. शून्य म्हणजे दहा टक्के, नऊ म्हणजे शंभर. ही पद्धत मुळात ॲपलनं आयफोनला जोडायच्या वस्तूंसाठी काढली, पुढे अँड्रॉइडलाही ती समजायला लागली. म्हणून माझ्या हेडसेटला कधी त्रेसष्ट किंवा सत्तावन्न दिसलं नाही, कायम दहाच्या पाढ्यात. तीन वर्षं रोज बघते आहे, पण गणिताच्या बाईला हे खटकलं नाही, याची लाज वाटली.

बरं, दहा पायऱ्या तर दहा पायऱ्या, पण त्या सारख्या उंचीच्या आहेत का? एका रविवारी हेडसेट पूर्ण चार्ज केला, सकाळी नऊला गाणी लावली आणि वही घेऊन बसले. (घरात दोघांनी विचारलं, बरं वाटत नाही का.) आकडा बदलला की वेळ लिहायची. अकरा-चाळीसला नव्वद. पाऊणला ऐंशी. दीडला सत्तर. दोन-पाचला साठ. आणि मग साठ हलेचना. चहा झाला, चार वाजून गेले, साठच. चार-वीसला पन्नास झाले आणि तिथून नुसती घसरगुंडी. पाच वाजून पाच मिनिटांनी बाई पुटपुटल्या आणि खेळ खलास.

म्हणजे फोनवर साठ दिसतात तेव्हा हातात तीन तास असू शकतात, नाहीतर पाऊण तास. तेही नुसतं ऐकताना. बोलायला लागलं की माईकही बॅटरी खातो, म्हणजे त्याहूनही कमी.

कारण भाच्यानं सांगितलं आणि मी आलेखावर काढून पाहिलं तेव्हा पटलं. लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेला असतो तेव्हा ४.२ व्होल्ट असतात. ते लवकर खाली येतात, मग ३.७ च्या आसपास बराच वेळ रेंगाळतात आणि शेवटी एकदम कोसळतात. स्वस्तातली यंत्रं नुसता व्होल्टेज बघून टक्के ठरवतात. मधल्या सपाट भागात व्होल्टेज जवळजवळ तेवढाच, म्हणून आकडाही तोच. त्यात सेल जुना. शिवाय हेडसेट निवांत पडलेला असताना व्होल्टेज थोडा वर येतो आणि काम सुरू झालं की बसतो. मी बघायचे नेमकी वर्गाच्या आधी, तो निवांत असताना. माणसाचं बीपी झोपेत मोजून त्याला जिना चढायला सांगावं, तसं.

इथं थांबायला हरकत नव्हती, पण तोवर मला नाद लागला होता.

माझा ब्लूटूथ कीबोर्डही फोनला जोडलेला असतो. त्याचं नाव यादीत होतं, टक्केवारी नव्हती. भाच्यानं 'एनआरएफ कनेक्ट' नावाचं ॲप घ्यायला लावलं. ते नॉर्डिक सेमीकंडक्टर या नॉर्वेच्या चिप कंपनीचं आहे, फुकट आहे आणि दिसायला अगदीच रुक्ष. उघडलं तर आमच्या सोसायटीतलं सगळं दिसायला लागलं. कुणाचा टीव्ही, कुणाचं घड्याळ, बिननावाच्या कितीतरी ओळी. त्यातून आपला कीबोर्ड शोधायचा, 'कनेक्ट' दाबायचं, आणि मग तो काय काय देऊ शकतो याची यादी येते. त्यात 'बॅटरी सर्व्हिस' अशी ओळ आणि तिचा क्रमांक १८०एफ. ती उघडली की आत 'बॅटरी लेव्हल', क्रमांक २ए१९, शेजारी खाली तोंड केलेला एक बाण. बाण दाबला की आकडा येतो.

हे क्रमांक सोळाच्या पायावर लिहिलेले असतात, दहा ते पंधरासाठी ए ते एफ ही अक्षरं. राहवलं नाही, कागदावर सोडवले: १८०एफ म्हणजे ६१५९ आणि २ए१९ म्हणजे १०७७७. उपयोग शून्य, पण बरं वाटलं. कमी वीज खाणारा जो ब्लूटूथचा प्रकार आहे, त्यात बॅटरी सांगण्यासाठी जगभर हेच क्रमांक ठरलेले आहेत. तिथं शून्य ते शंभरमधला कुठलाही पूर्णांक येऊ शकतो, म्हणजे दहाच्या पाढ्याची अट नाही.

माझा आकडा आला चाळीस. आणि सेल तर मी त्याच सकाळी चार्जरमधून काढून घातले होते!

हे चार्ज होणारे सेल मी महिनाभरापूर्वीच मोठ्या उत्साहानं आणले होते, दर दोन-तीन महिन्यांनी सेल कचऱ्यात टाकायला नको म्हणून. तशीच उठले, दुकानात गेले आणि दुकानदाराला चार शब्द सुनावले की तुम्ही मला जुना माल दिला. त्यानं शांतपणे मीटर काढला, दोन्ही सेल तपासले, "बाई, माल चोख आहे," म्हणाला. होताच. साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, हे निकेल-मेटल हायड्राइडचे १.२ चे. कीबोर्डला अल्कलाइनचंच गणित शिकवलेलं, त्यामुळे १.२ दिसले की त्याला वाटतं, सेल अर्ध्याच्या वर संपला. प्रत्यक्षात हे सेल त्याच १.२ वर दिवसेंदिवस तग धरतात. चाळीस टक्क्यांवर माझा कीबोर्ड पाच आठवडे चालला. दुकानदाराला जाऊन सांगितलं. त्यानं वर पाहिलंही नाही, नुसतं "बरं" म्हणाला.

नवऱ्याच्या इअरबड्सचं सोपं निघालं. डबीचं झाकण उघडलं की फोनवर तीन आकडे येतात: डावा, उजवा, डबी. उजवा कायम कमी, कारण बसमध्ये हे एकच बड घालून बोलतात आणि तो ठरलेला. आता मी त्यांना एक दिवस डावा, एक दिवस उजवा असं नेमून दिलंय. पाळतात असं म्हणवत नाही. बहिणीकडे आयफोन आहे, तिनं तर बॅटरीचं विजेट होम स्क्रीनवरच लावून ठेवलंय, घड्याळ आणि इअरबड्स शेजारीशेजारी.

राहिलं सासूबाईंचं श्रवणयंत्र. तेही फोनला जोडलेलं, त्याच्या ॲपमध्ये बॅटरीचं हिरवं चित्र. मेथीच्या दिवशी ते चित्र दुपारी चांगलं भरलेलं होतं आणि संध्याकाळी यंत्र बंद. स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता म्हणून तर त्या एवढ्या मोठ्यानं बोलत होत्या. त्यात ३१२ नंबरचा, तपकिरी स्टिकरचा झिंक-एअर सेल असतो. हवेतल्या ऑक्सिजनवर चालतो. स्टिकर काढलं की हवा आत जाते, मिनिटभर थांबून मग यंत्रात घालायचा. एकदा हवा लागली की यंत्र वापरा नाहीतर ठेवून द्या, त्याचं आयुष्य सरायला लागतं. आणि हा सेल व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत सारखा ठेवतो, मग धाडकन जातो. ॲपला कळणार तरी कधी?

मी मोठ्या तोऱ्यात सासूबाईंना हे समजावायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. तीन तारखेवर एक तपकिरी स्टिकर, अकरावर एक, वीसवर एक. नवा सेल घातला की त्याचं स्टिकर त्या तारखेवर चिकटवतात म्हणे, दोन वर्षं झाली. आठवडा झाला की जास्तीचा सेल पर्समध्ये. मेथीच्या दिवशी तो पर्समध्येच होता, पण भाजीवाला थांबेना.

"मग मला का नाही सांगितलंत, आई?"

"तू विचारलंस कुठं? तू फोनमध्ये बघत होतीस."

परवा त्या कॅलेंडरसमोर चष्मा लावून उभ्या होत्या. सोमवारांवर पेन्सिलनं गोल करून 'हे' लिहिलेलं.

"अगं, हे 'हे' काय?"

"हेडसेट," म्हटलं. "सोमवारी रात्री चार्जिंगला लावायचा."

त्यांनी मान डोलावली आणि वीस तारखेवरचं सुटायला आलेलं स्टिकर अंगठ्यानं परत दाबून बसवलं.