तुळजापूरच्या उतारावर कंपाउंड धनुष्य: स्टॅबिलायझर कोणता न्यावा?

सोलापुरात आमचा सगळा सराव सपाट मैदानावर, ५० मीटरवर चालतो. पायाखाली सारखी जमीन, समोर सरळ टार्गेट. डोंगरउतारावर हेच कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य कसं वागतं ते बघायचं म्हणून हिवाळ्यात आम्ही काही जण तुळजापूरच्या बाजूला, बालाघाटाच्या कडेला असलेल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक रानात गेलो. सोबत तीन प्रकारचे स्टॅबिलायझर, म्हणजे धनुष्य स्थिर राहावं म्हणून त्याच्या पुढे लावायचे टोकाला वजन असलेले दांडे, घेतले होते: ८ इंची आखूड, १२ इंची आणि त्याच्या जोडीला मागचा बार (नेमबाजाच्या बाजूला मागे येणारा आखूड दांडा), आणि मैदानावरचा नेहमीचा ३० इंची.

एक गोष्ट सुरुवातीलाच. बाजारात आखूड स्टॅबिलायझर ‘हंटिंग’ नावाने मिळतात, कारण परदेशात डोंगरातल्या शिकारीसाठी ते बनतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. आपण फोमच्या टार्गेटवरच बाण सोडायचे, तेही मालकाला विचारून खासगी जमिनीवर. वनखात्याच्या हद्दीत किंवा नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या आसपास धनुष्य बाहेरच काढू नका.

सोलापूर-तुळजापूर अंतर साधारण ४५ किलोमीटर. एसटीनेही जाता येतं, पण धनुष्याची पेटी आणि टार्गेट असल्यामुळे आम्ही गाडी केली. नवरात्र ते कोजागिरी हा काळ टाळा. तेव्हा हा रस्ता पायी जाणाऱ्या भाविकांचा असतो.

आता मुख्य विषय. स्टॅबिलायझरचं काम धनुष्य जड करणं नाही, ते वळण्याला विरोध करणं आहे. हा विरोध वजनाच्या पटीत वाढतो, पण वजन धनुष्यापासून जितकं लांब, त्या अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ६ इंचांवर ८ औंस लावले तर हिशोब ८ गुणिले ३६, म्हणजे २८८. १२ इंचांवर फक्त ४ औंस लावले तर ४ गुणिले १४४, म्हणजे ५७६. निम्म्या वजनात दुप्पट स्थिरता! पुढे झुकण्याची ओढ दोन्हीकडे सारखीच. चढावर धनुष्य हातात घेऊन चालायचं असतं, तिथे हे ४ औंस, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आतबाहेरचं वजन, चांगलंच जाणवतं. दांड्याचं स्वतःचं वजन या हिशोबात धरलेलं नाही, पण कार्बनचा दांडा हलका असल्यामुळे चित्र फारसं बदलत नाही.

मग ३० इंचीच का नको? उतारावर खालच्या टार्गेटवर नेम धरताना त्याचं टोक कुसळात आणि बोरीच्या झुडपात अडकत होतं, आणि गुडघ्यावर बसून तर तो वापरताच येईना. कड्यावर आडवा वारा सुटला की लांब दांडा वाऱ्यालाही जास्त सापडतो. मोकळ्या, रुंद पायरीवर मात्र त्याच्याइतकं स्थिर दुसरं काही वाटलं नाही, हे मान्य करावंच लागेल. ८ इंची बाळगायला सगळ्यात सोपा, पण लांबच्या टार्गेटवर साइटची, म्हणजे नेम धरायच्या उपकरणाची, पिन सतत भिरभिरत होती.

आमचं मत १२ इंची आणि मागचा बार याच्या बाजूने पडलं, आणि त्याचं खरं कारण मागचा बार आहे. उजव्या हाताने ओढणाऱ्याच्या धनुष्यावर साइट आणि भाता दोन्ही उजवीकडे असतात, म्हणून धनुष्य उजवीकडे कलतं. सपाटीवर मनगटाने ते सावरता येतं. आडव्या उतारावर डोळाच फसतो, उताराची रेघ सरळ वाटायला लागते, आणि हातही त्याच्या मागे जातो. धनुष्य ज्या बाजूला कललं त्या बाजूला बाण जातो. मागचा बार डावीकडे, थोडा खाली झुकवून लावला की हात सैल ठेवूनही बबल, म्हणजे साइटवरच्या पाणसळीतला बुडबुडा, मधे थांबतो. जुळवताना भाता बाणांनी भरलेला ठेवा. सपाट जागी डोळे मिटून पूर्ण ओढा, स्थिर व्हा, मग डोळे उघडून बबल पाहा. तो मधे नसेल तर बारचा कोन किंवा वजन बदला. मनगटाला राबवू नका.

विकत घेताना जोडणी ५/१६-२४ आट्याचीच आहे ना ते पाहा आणि झटक्यात निघणारी कपलिंग घ्या, चढताना बार काढून पाठीवरच्या पिशवीत टाकता येतो. वजनाच्या चकत्या सुट्या १ औंसाच्या असाव्यात. गाडीच्या हादऱ्यांनी आटे सैल होतात, म्हणून पोचल्यावर पहिला बाण सोडण्याआधी सगळे स्क्रू तपासा.

नेमाचं थोडं: तिरकस अंतर ४० मीटर आणि उतार ३० अंशाचा असेल तर साइट साधारण ३५ मीटरला लावा, चढ असो की उतार. वाकायचं ते कमरेतून, नुसता हात वर-खाली करून नाही.

टार्गेटमागे मातीचा बांध असलाच पाहिजे. इथल्या काळ्या दगडावर बाण आपटला की तुटतो, उसळून कुठेही जातो. माथ्यावर, आभाळाच्या रेघेवर टार्गेट कधीही लावू नका, कारण पलीकडे मेंढरं घेऊन कोणी असू शकतं. आम्ही एक जण कायम बाजूला, वर उभा ठेवला होता, आणि त्याने हात वर केला की सगळे थांबत.

सकाळी लवकर पोचा, ऊन चढेल तसा कड्यावर वाराही वाढत जातो. पाणी भरपूर, जेवणाला कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुरते. उन्हाळ्यात जाणार असाल तर धनुष्य बंद गाडीत ठेवून जेवायला बसू नका. सोलापूरच्या उन्हात तापलेल्या गाडीत लिंब (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्या) आणि दोरी दोन्ही खराब होतात. पेटी झाडाच्या सावलीत, आपल्या नजरेसमोर ठेवा.