भैरवीवर अडलेली सीडी

बाबांच्या कपाटात शास्त्रीय गाण्याच्या चाळीसेक सीडी आहेत. पहिली सीडी संगणकावरच्या साध्या प्लेअरमधून रिप केली, म्हणजे गाणी फाइलींत उतरवली, चार मिनिटांत झाली. ऐकायला बसलो तर द्रुत तानेत मध्येच ‘टिक्’. तक्रार कसलीच नाही, एरर नाही. ऑडिओ सीडीत हीच गोम आहे: वाचता न आलेला तुकडा ड्राइव्ह अंदाजाने भरून टाकतो आणि गप्प बसतो.

मग ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हे रिप करायचं सॉफ्टवेअर घेतलं. फुकट आहे, पण सेटिंग्ज बघून घाम फुटतो. सिक्युअर मोडमध्ये प्रत्येक तुकडा निदान दोनदा वाचला जातो. ड्राइव्हला स्वतःची कॅशे, म्हणजे वाचलेलं तात्पुरतं साठवणारी मेमरी, असेल तर तेही सांगावं लागतं, नाहीतर दुसऱ्यांदा तो सीडीकडे न बघता मघाचंच उत्तर परत देतो. कॉपी करणारा पोरगाच पेपर तपासतोय म्हणा ना. शिवाय ऑफसेट, म्हणजे ड्राइव्ह किती पुढे-मागे वाचायला लागतो तो फरक: माझा ड्राइव्ह ६ सॅम्पलने (आवाजाच्या नमुन्यांनी) चुकतो. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, म्हणजे कानाला काही कळणार नाही, पण दोन ड्राइव्हच्या फाइली जुळवायच्या तर ते दुरुस्त करावंच लागतं.

‘अ‍ॅक्युरेटरिप’ या ऑनलाइन नोंदसंग्रहात जगभरच्या लोकांनी काढलेल्या रिपचे चेकसम, म्हणजे फाइलीवरून काढलेले ठशासारखे आकडे, असतात. माझी एक इंग्रजी रॉकची सीडी लगेच जुळली. बाबांची एकही तिथे नव्हती! मग साक्षीदार आणायचा कुठून? भाच्याचा जुना लॅपटॉप मागवला आणि त्याच्या ड्राइव्हवर, त्याचा ऑफसेट लावून, सगळं पुन्हा काढलं. त्या टिकवाल्या सीडीचे सहापैकी पाच ट्रॅक जुळले. सहावा माझ्या ड्राइव्हवर दोन्ही वेळा सारखाच आला होता, म्हणून मी निर्धास्त होतो. शेजारच्यांच्या ड्राइव्हने लॅपटॉपच्या बाजूने कौल दिला. माझा ड्राइव्ह दोन्ही वेळा तीच चूक करत होता.

सीडी पुसताना मधून कडेकडे पुसा, गोल गोल नको.

एक सीडी मात्र हरली. ट्यूबलाइटसमोर धरली तर कडेला टाचणीएवढी भोकं दिसली. खालच्या बाजूला ओरखडा नाही, लेबलच्या बाजूचा थर गेलेला. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे फटका शेवटच्या ट्रॅकला. चार वेळा काढला, चारही वेळा चेकसम वेगळा. बाबांना सांगितलं.

“भैरवी आहे ना ती? असू दे तशीच.”

फाइलच्या नावापुढे ‘सदोष’ लिहून ठेवलंय.