ढोलीतली मादी

मे महिन्यात आमच्या उद्यान विभागात पावसाळ्याआधीच्या छाटणीची घाई असते. संभाजीनगरातल्या एका जुन्या वसाहतीच्या बागेतला कडुनिंब यादीत होता. खोड पोकळ, कल शेजारच्या घराच्या भिंतीकडे, तोडायची परवानगी हातात. माणसं दोर बांधत होती, मशीनमध्ये पेट्रोल भरून झालं होतं. तेवढ्यात माळीमामा म्हणाले, "मॅडम, जरा थांबता का? ते मोठ्या चोचीचं पाखरू मघापासून ह्याच झाडावर घिरट्या घालायलंय."

राखी धनेशाचा नर होता. हिमायत बागेत मी धनेश पाहिलेले, पण तिथे उंच आंब्यांमध्ये धड दिसतच नाहीत. इथे तो दोन पुरुष उंचीवर खोडाला चिकटला होता. समोर ढोलीचं तोंड लिंपून बंद केलेलं, मधे बोटभर रुंदीची उभी फट. त्याने मान झटकली, घशातून पिंपळाचं एक फळ चोचीच्या टोकाशी आणलं आणि फटीत धरलं. आतून दुसरी चोच पुढे आली, फळ घेऊन गेली. मग दुसरं, मग तिसरं. पोटात किती साठवून आणलं होतं कोण जाणे! झाडाच्या बुंध्याशी पाहिलं तर शिटेचा पांढरा थर आणि त्यात फळांच्या बिया. इतके दिवस बागेत येणाऱ्यांपैकी कुणाच्या हे लक्षात आलं नसेल का?

मी काम थांबवलं. मादी स्वतःला ढोलीत कोंडून घेते, आपल्याच विष्ठेने तोंड लिंपते. आत असताना तिच्या पंखातली मोठी पिसं गळतात, त्यामुळे झाड पडलं तर तिला उडूनही जाता येत नाही. ती आणि पिल्लं, सगळी त्या नराच्या फेऱ्यांवर जगतात. धनेशाला सुतार पक्ष्यासारखी स्वतः ढोली कोरता येत नाही. म्हातारं, पोकळ झाडच लागतं. आणि आपल्या यादीत पहिला नंबर त्याच झाडांचा. मला हे फार लागतं.

शेजारचे काका चिडले. "वादळात फांदी घरावर आली तर जबाबदार कोण?" त्यांची भीती खरीच होती. मी त्यांना गच्चीवरून दुर्बीण दिली, नर परत येईपर्यंत थांबवलं. त्याने दाणा भरवलेला पाहून ते म्हणाले, "आत लेकरं हायेत की हो!"

वरिष्ठांना फोन केला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा आधार होताच. भिंतीवर झुकलेल्या दोन फांद्या हातकरवतीने, नर लांब गेलेला पाहून उतरवल्या. खोडाला हात लावला नाही.

जूनमध्ये माळीमामांचा फोन आला, ढोलीचं तोंड फुटलंय, पिल्लं फांदीवर बसलीत. झाड तोडण्याऐवजी नुसतं हलकं करून ठेवावं, असा प्रस्ताव मी त्याच आठवड्यात पाठवला. आता छाटणीच्या पाहणीला निघताना मी दुर्बीण घेते आणि ढोली दिसली की आधी बुंध्याशी बिया शोधते.