तुम्ही विचारलंत म्हणून: तांब्याचं नाणं मी घासत का नाही

नाण्यांचा डबा उघडला की पाहुण्यांकडून हा प्रश्न येतोच. परवा तुम्हीही विचारलंत, "एवढं महागाचं नाणं, मग पितांबरीने लख्ख का करत नाही?" चहा संपेपर्यंत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

माझ्याकडचे हे अमेरिकेचे जुने, मोठे सेंट, म्हणजे डॉलरच्या शंभराव्या भागाची तांब्याची नाणी. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत १७९३ ते १८५७ या काळात पाडलेले. हातात घेतलात तर ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया आठवेल. १७९५ च्या अखेरीनंतरच्या सेंटचं वजन ११ ग्रॅमच्या आसपास आहे. पण दर्शनी किमतीने ही सगळ्यात लहान नाण्यांतली एक, रोजच्या वापरातली चिल्लर. ती कोण जपून ठेवणार? मोठा सेंट १८५७ मध्ये बंद झाला, तेव्हा कुठे लोक हौसेने ते गोळा करू लागले. तोवर बहुतेक नाणी झिजून गुळगुळीत झाली होती.

न वापरलेली नाणी उरली ती नशिबाने. जॉर्जियात एका पिंपात १८१६ ते १८२० या सालांचे कोरे सेंट सापडले. न्यूयॉर्क राज्यातल्या रँडल नावाच्या गृहस्थांच्या हाती ते आले, म्हणून त्या साठ्याला 'रँडल होर्ड' म्हणतात. माझा १८२० चा सेंट त्यातलाच असावा असं मला वाटतं.

तो दिव्याखाली कडेला धरून हळूच कलता केला, की उजेडाचा पट्टा नाण्यावर कोरलेल्या चांदण्यांवरून गोल फिरतो. ठशाच्या दाबाखाली धातू पसरतो तेव्हा त्यावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात; हे पाणी त्या रेषांचं आहे. अक्षरांच्या खोबणीत अजून विटकरी लाली आहे, मधल्या स्त्रीच्या मुखवट्याच्या गालावर चॉकलेटी रंग चढलाय. घासलं की या रेषाच जातात. नाणं चमकेल, पण उजेड फिरणार नाही, आणि गेलेलं पाणी कुणालाही परत आणता येत नाही.

हे मी पैसे मोजून शिकलो. सुरुवातीला एक 'लालभडक' सेंट घेतला, विकणाऱ्याने अगदी कोरा म्हणून दिला. घरी भिंगाखाली पाहिलं तर सगळीकडे एकाच दिशेचे बारीक ओरखडे, आणि रंग नको इतका गुलाबी. त्या रात्री झोप लागली नाही.

तांबं फार हळवं असतं. बोटाचा ठसा आज दिसत नाही, पण काही महिन्यांनी काळा होऊन वर येतो. उघड्या नाण्यासमोर मी बोलतसुद्धा नाही, थुंकीचा बारीक कण पडला तरी डाग धरतो.

आमच्या देवघरातलं ताम्हन मात्र मी दर शनिवारी चिंच लावून घासतो. ते वापरायची वस्तू आहे, ते घासायलाच हवं.

पुढच्या वेळी याल तेव्हा दुपारी या. खिडकीशी बसून दोन्ही सेंट शेजारी ठेवू, तो घासलेलाही मी अजून ठेवलाय.