हँडल फक्त थिवीच्या भाड्यालाच का थरथरते?

पावसाळा सरल्यावर म्हापशातल्या माझ्या गॅरेजमध्ये एक पायलट आपली शंभर सीसीची जुनी मोटारसायकल घेऊन आला. गोव्यात परवाना काढून मोटारसायकलवर भाडे मारणाऱ्याला पायलट म्हणतात आणि पुढच्या पिवळ्या मडगार्डवरून त्याची गाडी लांबूनही ओळखू येते. त्याची तक्रार मात्र नेहमीची नव्हती. "पात्रांव, साठच्या आसपास थ्रॉटल सोडला की हँडल थरथरते, पण थिवी स्टेशनचे भाडे असले तरच. बाजारातले गिऱ्हाईक मागे बसले तर काही होत नाही," असे त्याने सांगितले. आधीच्या एका गॅरेजने कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते तो वाट्या आणि छर्‍यांचा बेअरिंग संच, आवळून दिला होता, दुसऱ्याने फोर्कचे, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचे, तेल बदलले होते. थरथर थांबली नव्हती. उलट आता गाडी हळू चालवतानाही डावी-उजवीकडे भरकटू लागली होती.

नव्वदच्या दशकात मी श्रीपेरंबुदूरजवळच्या 3.7 किलोमीटरच्या ट्रॅकवर टू-स्ट्रोक गाड्या पळवत असे. शर्यतीने मला वेगापेक्षा एक सवय जास्त पक्की लावली: दोष कधी दिसतो, यापेक्षा तो कधी दिसत नाही याची चौकशी आधी करायची. थिवीचे भाडे आणि बाजाराचे भाडे यांत फरक काय, असे विचारल्यावर उत्तर त्याच्याच तोंडून आले. रेल्वेने उतरणाऱ्या पर्यटकाच्या पाठीवर भली मोठी सॅक असते.

तिथे आपल्या मोठ्या गाडीचा सायलेन्सर बदलून घ्यायला आलेला एक तरुण बसला होता. त्याने लगेच स्टीअरिंग डॅम्पर, म्हणजे हँडलची झटकन होणारी हालचाल दाबून धरणारा दट्ट्या, लावण्याचा सल्ला दिला. डॅम्परला माझा विरोध नाही. शर्यतीच्या गाड्यांवर तो असतो आणि असायलाच हवा. परंतु पुढचे चाक का हलते हे न शोधता डॅम्पर लावणे म्हणजे दोष तसाच ठेवून त्याचा आवाज बंद करणे होय, आणि शंभर सीसीच्या गाडीला तर त्याची गरज पडणेच लाजिरवाणे आहे. अर्थात हे मी त्या तरुणाला इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितले नाही, कारण त्याचे बिल अजून व्हायचे होते.

गाडी स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी केले. कोन सेट नीट असेल तर हँडल सरळ स्थितीतून किंचित ढकलताच स्वतःच्या वजनाने एका बाजूला पडते. इथे ते मधोमध अडकून बसत होते. उघडून पाहिले तेव्हा खालच्या वाटीवर छर्‍यांनी अर्धवर्तुळात ठसे पाडलेले होते, आणि हँडल सरळ असताना प्रत्येक छर्रा आपापल्या खळग्यात जाऊन बसत होता. त्यावर पुन्हा आवळलेला नट. मोटारसायकल सरळ चालते ती पुढचे चाक स्वतःहून सतत बारीक-बारीक दुरुस्त्या करीत असते म्हणून. हँडल जखडले की त्या दुरुस्त्या थांबतात आणि गाडी हळू वेगातही वळवळू लागते. नवी तक्रार कुठून आली, हे तिथेच कळले.

मूळ तक्रारीसाठी भंगारवाल्याचा वजनकाटा आणला, त्यावर पुढचे चाक ठेवले आणि मागचे चाक त्याच पातळीला येईल अशी फळी खाली दिली. पायलट, त्याच्या मागे माझा मदतनीस आणि मदतनीसाच्या पाठीवर जुन्या चेन व स्प्रॉकेट भरलेली पंधरा किलोंची सॅक. सॅकेसह आणि सॅकेविना पुढच्या चाकावरच्या भारात फरक पडला तो जेमतेम तीन किलोंचा. तरुणाला हे पटेना. पण सॅकेचा दोष नुसत्या वजनात नसतो. ती मागच्या आसाच्याही मागे, उंचावर आणि सैल पट्ट्यांवर लोंबत असते, त्यामुळे गाडीचे मागचे टोक एकदा डुलले की ते शांत व्हायला वेळ लागतो. त्यातच शॉकॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगा इतक्या थकल्या होत्या की दोन माणसे आणि सॅक चढताच गाडी मागून नेहमीपेक्षा चारेक सेंटिमीटर जास्त खाली बसत होती. दोन चाकांमधले अंतर सव्वा मीटरच्या आसपास असताना मागचा भाग चार सेंटिमीटर खचला, की फोर्कचा कल सुमारे दोन अंशांनी वाढतो.

त्याचा परिणाम ट्रेलवर होतो. हँडलचा अक्ष खाली वाढवला तर तो जमिनीला जिथे टेकेल, त्याच्या थोडे मागे टायर टेकलेला असतो. हे अंतर म्हणजे ट्रेल. सामानाच्या ट्रॉलीचे फिरते चाक आपल्या खुंटीच्या मागे राहते, तसेच हे आहे, आणि त्यामुळेच चाक सरळ राहू पाहते. पण टायरला बाजूने बसणारा प्रत्येक धक्का हँडल फिरवतो तोही याच अंतराच्या तरफेने. कल दोन अंशांनी वाढला की ही तरफ साधारण एक सेंटिमीटरने लांबते.

मग धक्का देणारे कोण? पुढच्या टायरवरून तळहात फिरवला, तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे दाते लागले; टायर उंच-सखल झिजला होता आणि रिमलाही आऊट होता, म्हणजे ती फिरताना वेडीवाकडी जात होती. अठरा इंची चाकाचा घेर पावणेदोन-दोन मीटरच्या दरम्यान असतो, म्हणजे ताशी 60 किलोमीटरला ते सेकंदाला जवळजवळ 9 फेरे घेते. हँडलच्या थरथरीचा स्वतःचा ताल सेकंदाला 6 ते 10 च्या दरम्यान असतो. दोन्ही ताल जुळले की झिजलेला टायर प्रत्येक फेऱ्याला हँडलला टोला देतो. साठलाच का, याचे उत्तर एवढेच होते.

काम होईपर्यंत त्या तरुणाशी बराच वाद झाला. चांगली मोटारसायकल म्हणजे जास्त अश्वशक्ती, असे त्याचे ठाम मत. मी त्याला नॉर्टन या ब्रिटिश कंपनीचे उदाहरण दिले. 1950 साली मॅककँडलेस बंधूंची 'फेदरबेड' चासी आली तेव्हा नॉर्टनचे एकसिलिंडरी इंजिन जुन्या वळणाचे होते आणि इटालियन चारसिलिंडरी गाड्या ताकदीने पुढे होत्या. तरीही शर्यतपटू जेफ ड्यूकने 1951 मध्ये 350 आणि 500 सीसी अशी दोन्ही जगज्जेतेपदे नॉर्टनवरच मिळवली.

टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या, नेहमीच्या फोर्कबद्दलही माझे मत थोडे वेगळे आहे. 1935 च्या बीएमडब्ल्यू आर 12 पासून हा फोर्क रस्त्यावर आहे. वळणे, ब्रेकचा जोर झेलणे आणि खड्डे गिळणे ही तिन्ही कामे आपण त्या दोन नळ्यांवर टाकतो, म्हणून ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते आणि ट्रेल कमी होतो. शर्यतीत आम्ही त्याचा फायदा घेत असू: वळणात शिरेपर्यंत पुढचा ब्रेक किंचित धरून ठेवायचा, म्हणजे गाडी चटकन वळते. आपल्या तांबड्या मातीने माखलेल्या, ओल्या रस्त्यावर नेमकी हीच गोष्ट अंगाशी येते. बिमोटा या इटालियन कंपनीने 1990 च्या टेसी या गाडीत आणि बीएमडब्ल्यूने 1993 पासून टेलिलिव्हर या पुढच्या सस्पेन्शनमध्ये ही कामे वेगळी करून दाखवली, पण स्वस्त आणि सवयीचा म्हणून जुना फोर्कच टिकला.

नवा कोन सेट, मागचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर आणि पुढचा टायर बसवला, रिमचा आऊट काढला, मागच्या टायरमध्ये दोन माणसांसाठी कंपनीने सांगितलेली हवा भरली. मागचे चाक धरणाऱ्या स्विंग आर्मचे बुशही ढिले निघाले, तेही बदलले. त्यानंतर तीच सॅक आणि तोच मदतनीस घेऊन पर्वरीच्या पठारावरून गिरीच्या शेतांकडे उतरताना साठला थ्रॉटल सोडला, हँडलवरचा जोरही काढला. थरथर नव्हती. तरी कधी सुरू झालीच तर हँडल घट्ट आवळू नये, पुढचा ब्रेक मारू नये, गुडघे टाकीला लावून, अंग थोडे पुढे झुकवून वेग हळूहळू उतरू द्यावा, एवढे पायलटला सांगितले.

सॅक पाठीवर न ठेवता पुढे टाकीवर घ्यावी, हेही त्याला पटले. मात्र मोठी सॅक पूर्ण वळवलेल्या हँडलला अडते, म्हणून गॅरेजमध्येच ती टाकीवर ठेवून हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवले आणि कोणत्या उंचीपर्यंतची सॅक चालेल ते टाकीवर खडूने खूण करून दाखवले. त्याहून मोठी असेल तर भाडे टॅक्सीवाल्याला द्यायचे का, यावर तो म्हणाला, "ते मी बघतो." नवा कोन सेट बसून थोडा सैल होतो, म्हणून पाचशे किलोमीटरांनी परत यायला सांगून मी बिल लिहायला घेतले.