जीझेड३४ टाकली, काढली, आणि दोष निघाला भलताच

झालं एकदाचं, म्हणजे जवळजवळ झालं. गिटारचा अँप जुना, फेंडरच्या ट्वीड डिलक्सच्या धाटणीचा, आउटपुटला दोन ६व्ही६ ट्यूब, कॅथोड बायस (म्हणजे ट्यूबचा करंट कॅथोडवरच्या रेझिस्टरने ठरतो), दोघींत मिळून २५० ओहमचा एकच रेझिस्टर आणि रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारी ट्यूब, ५वाय३. तक्रार एकच, व्हॉल्यूम अर्ध्याच्या पुढे नेला की खालच्या तारांचा नुसता चिखल होतो.

तर म्हटलं तिच्या जागी जीझेड३४ ही दुसरी रेक्टिफायर ट्यूब टाकून बघू. सॉकेट तोच, फिलामेंट १.९ अँपिअर म्हणजे ५वाय३ च्या २ पेक्षा कमीच. (५यू४ टाकायचा विचार करणाऱ्यांनो, ती ३ अँपिअर खाते, ट्रान्सफॉर्मरला झेपेल का ते आधी बघा.)

टाकली. आवाज एकदम ताठ, बास घट्ट, मी खूश. दहा मिनिटांनी खोलीतला दिवा बंद करून मागून डोकावलं तर एका ६व्ही६ च्या प्लेटवर नखाएवढा लाल डाग, म्हणजे ट्यूब नको तितकी तापतेय!! मग मीटर लावला, जो खरं तर आधीच लावायला हवा होता. बी प्लस (ट्यूबना मिळणारं मुख्य डीसी व्होल्टेज) ३५२ वरून ३९२ वर गेलेला, कॅथोडवर २२.४ व्होल्ट, म्हणजे दोघींत मिळून ९० मिलिअँपिअर, स्क्रीनचा करंट वजा केला तरी एकेका ट्यूबवर १५ वॉटच्या वर. ६व्ही६जीटीए ची मर्यादा १४ आहे, जुन्या जीटी ची तर १२ च, आणि ५वाय३ वर हाच हिशेब बरोब्बर १२ ला येत होता.

कॅथोडला ३३० ओहम लावून बघितला, डाग गेला, पण वाजवायला मजा येईना. ५वाय३ वर पिक जोरात मारला की करंट वाढतो, व्होल्टेज ट्यूबमध्येच पडतं, आवाज आधी दबतो आणि मग फुलून वर येतो. जीझेड३४ मध्ये ते पडणं खूपच कमी, त्यामुळे सगळं कसं इस्त्री केल्यासारखं. ज्यांना स्वच्छ आवाज हवाय त्यांना आवडेल, मला नाही आवडला. परत २५० ओहम, परत ५वाय३.

आता गाढवपणा ऐका. चासी उघडलीच आहे तर रेक्टिफायरनंतरचा, डीसी गुळगुळीत करणारा पहिला फिल्टर कॅपॅसिटर पण बदलू म्हटलं, तसाही थोडा हम (सततची घुमघुम) होताच. मूळचा १६ मायक्रोफॅरडचा, डब्यात होता ४७ चा, जास्त म्हणजे चांगलंच की, असं म्हणून तोच ठोकला. डेटाशीटमध्ये ५वाय३ साठी २० च्या आसपासच सांगितलंय, ६० चालतो तो जीझेड३४ ला, हे मला माहीत होतं हो, आळस दुसरं काय. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी बंद करून लगेच चालू केला, फिलामेंट गरम, कॅपॅसिटर रिकामा, ट्यूबमध्ये लख्खकन निळी ठिणगी आणि फ्यूज गेला.

नशीब, ट्यूब वाचली. आता १६ मायक्रोफॅरड, ५०० व्होल्टचा बसवलाय. ४५० चा नको, कारण ५वाय३ काही सेकंदांतच तापते आणि ६व्ही६ करंट ओढायला लागेपर्यंत बी प्लस ४५० च्या वर जाऊन येतो. शिवाय रेक्टिफायरच्या प्रत्येक प्लेटला सिरीजमध्ये दोन दोन १एन४००७ डायोड, उद्या ट्यूब शॉर्ट झालीच तर ट्रान्सफॉर्मर वाचावा म्हणून. एक नाही, दोन, कारण सेकंडरी ३२५-०-३२५, उलटं व्होल्टेज ९२० पर्यंत जातं आणि एका डायोडची मर्यादा १०००. सॅग (जोरात वाजवल्यावर व्होल्टेज दबणं) मात्र तसाच राहतो, तो ट्यूबचा आहे.

आणि काढलेला जुना १६ चा कॅपॅसिटर सहज मीटरवर धरला तर फक्त ५ दाखवतोय. नवा बसवल्यापासून चिखल निम्मा गेला, हम पण गेला, रेक्टिफायरच्या मागे उगाच लागलो होतो!

उरलेल्या चिखलासाठी पहिल्या स्टेजनंतरचा ०.१ मायक्रोफॅरडचा कपलिंग कॅपॅसिटर (एका स्टेजमधून पुढच्या स्टेजला सिग्नल नेणारा) काढून ०.०२२ लावणार आहे. जुना फेकत नाही, बास फारच पातळ झाला तर परत लावेन.